वैमानिक परवान्याची परीक्षा : अडसर गुणांचा नाही, तयारीचा!

साखरखेर्ड्यातील एक समाजबांधव मागच्या उन्हाळ्यात आपल्या दहावी पास झालेल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आले. हातात एक रंगीत पत्रक होते. पत्रकावर पांढऱ्या गणवेशातील तरुणी, मागे भले मोठे विमान आणि वर ठळक अक्षरांत मजकूर : 'दहावी पास? पायलट व्हा!' खाली एका मोठ्या शहरातील ॲकॅडमीचा पत्ता आणि जागा राखून ठेवण्यासाठी दीड लाख रुपये आगाऊ भरण्याची सूचना. जयभीम झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न केला, "वकीलसाहेब, पोरगी म्हन्ते पायलट व्हायचं. दोन एकर वावर हाये. इकू का?"

मी पत्रक दोनदा वाचले. वकिलाला कागद वाचायची सवय असते आणि त्यात काय लिहिले आहे यापेक्षा काय लिहिलेले नाही, ते आधी पाहायचे असते. त्या पत्रकात खोटे असे एकही वाक्य नव्हते. परंतु अर्धे सत्य होते, आणि अर्धे सत्य गरिबाचे वावर जितक्या लवकर विकायला लावते तितके सपशेल खोटे लावत नाही. त्या मुलीला त्या दिवशी जे सांगितले ते आणि त्यानंतर जे सुचले ते समाजापुढे मांडावे म्हणून हा लेखप्रपंच. कारण ही गोष्ट एका घराची नाही. आज सिंदखेडराजा, मेहकर, लोणार या तालुक्यांतील कितीतरी घरांत अशी पत्रके मोबाईलवर येऊन पोहोचत आहेत.

दहावीवर मिळतो तो परवाना कोणता?

आपल्या देशात विमान चालविण्याचे परवाने नागरी विमान वाहतूक महासंचालनालय म्हणजे डीजीसीए देते. विमान नियम, १९३७ मध्ये त्याच्या अटी दिलेल्या आहेत. १९३४ चा जुना विमान कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू झाला, तरी परवान्यांची ढोबळ रचना तीच राहिली. सर्वांत खालची पायरी स्टुडंट पायलट लायसन्सची. वय किमान १६ वर्षे आणि शिक्षण दहावी पास. त्यावरची पायरी प्रायव्हेट पायलट लायसन्सची, म्हणजे खासगी वैमानिक परवान्याची. त्यासाठी वय १७ वर्षे, शिक्षण दहावी पास, वैद्यकीय तपासणी, लेखी परीक्षा आणि किमान ४० तासांचे उड्डाण.

येथपर्यंत पत्रक खरे आहे. परंतु खासगी परवानाधारकाला मोबदला घेऊन विमान चालविता येत नाही. तो स्वतः उडू शकतो, मित्राला शेजारी बसवून नेऊ शकतो. पगार घेऊ शकत नाही. हा हौसेचा परवाना आहे. पगार मिळतो तो कमर्शियल पायलट लायसन्सवर. त्यासाठी वय १८ वर्षे, २०० तासांचे उड्डाण, अधिक कडक वैद्यकीय तपासणी आणि भौतिकशास्त्र व गणित घेऊन बारावी अशी अट अनेक वर्षांपासून चालत आलेली आहे. ही शैक्षणिक अट शिथिल करण्याचा विचार सुरू असल्याच्या बातम्या २०२५ मध्ये आल्या. पण बातमीवर आयुष्य बेतू नये, नियमावर बेतावे. म्हणजेच पत्रकाने दहावीची पात्रता घेतली हौसेच्या परवान्याची आणि चित्र छापले पगाराच्या विमानाचे. दोहोंच्या मधली सारी वाट गाळून टाकली. कमर्शियलकडे जाताना प्रायव्हेट लायसन्स काढलेच पाहिजे अशी सक्तीही नाही. मात्र खासगी परवान्याच्या लेखी परीक्षेत जे विषय आहेत तेच पुढे कमर्शियलमध्ये अधिक खोलात येतात. म्हणून परवाना काढा न काढा, त्या परीक्षेचा अभ्यास हा पहिला पाया आहे, आणि तो जवळजवळ फुकट घालता येतो. हीच गोष्ट पत्रक सांगत नाही.

परीक्षेत असते तरी काय?

आपल्या समाजात या परीक्षेविषयी एक अनाठायी भीती आहे. विमान म्हटले की ते आपले काम नव्हे, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या मनात बसविली गेली आहे. म्हणून जरा आत शिरून पाहू. विषय चार : हवाई नियम, हवाई दिक्चालन म्हणजे नेव्हिगेशन, विमानविषयक हवामानशास्त्र आणि विमान व इंजिनाची तांत्रिक माहिती.

हवामानशास्त्र घ्या. सोयाबीन आणि कापूस पिकविणाऱ्या घरातली मुले ढग वाचत मोठी होतात. ईशान्येकडून गार वारा सुटला, काळा ढग वर फुगत गेला आणि माथ्यावर ऐरणीसारखा पसरला की गारपीट होणार, हे वावरात उभ्या असलेल्या बाईला कळते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट विदर्भ-मराठवाड्यातील शेतकरी विसरलेला नाही. परीक्षेत याच ढगाला क्युम्युलोनिंबस म्हणतात आणि त्याच्यापासून दूर राहा असे शिकवितात. समुद्रसपाटीला तापमान १५ अंश सेल्सिअस, दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल, आणि दर हजार फुटांना सुमारे दोन अंशांनी तापमान कमी, हे प्रमाण वातावरणाचे गणित सातवी-आठवीच्या मुलाला जमते. मे महिन्यात विदर्भात पारा ४४-४५ अंशांवर चढला की हवा विरळ होते, पंखाला उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर घटतो आणि विमानाला उडायला धावपट्टी जास्त लागते. हा प्रश्न परीक्षेत हमखास अभ्यासावा लागतो. तो समजायला आमच्या मुलांना परदेशी जावे लागत नाही, दुपारी दारात उभे राहिले तरी पुरे.

नेव्हिगेशन म्हणजे दिशा, अंतर, वेग आणि वारा यांचा हिशेब. दहावीच्या त्रिकोणमितीपलीकडे त्यात फारसे काही नाही. साठास एक असा एक सोपा नियम वैमानिक वापरतात : साठ मैल गेल्यावर तुम्ही ठरलेल्या रेषेपासून एक मैल बाजूला असाल, तर तुमची दिशा एका अंशाने चुकली आहे. खाली पाहून खुणा ओळखायच्या असतात. नदी, रेल्वेमार्ग, तलाव. आमच्या भागावरून उडणाऱ्याला लोणारच्या विवरासारखी दुसरी खूण कोणती सापडणार? पावणेदोन किलोमीटरहून अधिक व्यासाचा तो गोल आकाशातून चुकणे कठीण. ज्या मुलांनी सहलीला जाऊन ते सरोवर काठावरून पाहिले, त्यांनी ते वरून का पाहू नये?

आणि हवाई नियम! वकील म्हणून मला हा विषय सर्वांत आवडला. आकाशात कोणी कोणाला वाट द्यायची याचा नियम आहे. इंजिनाच्या बळावर चालणाऱ्या विमानाने बिनइंजिनाच्या ग्लायडरला वाट द्यायची. ग्लायडरने वाऱ्यावर तरंगणाऱ्या फुग्याला वाट द्यायची. ज्याच्या हाती बळ जास्त, वळण्याची ताकद जास्त, त्याने बाजूला व्हायचे. ज्याला वळता येत नाही त्याचा हक्क पहिला. जमिनीवर उलटे चालते, हे आपण रोज अनुभवतो. आकाशातल्या कायद्याने मात्र ही गोष्ट केव्हाच मान्य केली आहे. आमच्या मुलांनी हा नियम पाठ करावा, परीक्षेसाठीही आणि समाजासाठीही.

याखेरीज रेडिओवर बोलण्याचा परवाना वेगळा असतो. त्याची परीक्षा पूर्वी दूरसंचार खात्याकडे होती; नव्या कायद्याने ती नागरी विमान वाहतुकीच्या कक्षेत आणली. इंग्रजीचा प्रश्न येथे येतो, आणि तो खरा आहे. पुस्तके इंग्रजीत, प्रश्न इंग्रजीत, नियंत्रण कक्षाशी बोलणे इंग्रजीत. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मुलाची अडचण अकलेची नसते, या भाषेची असते. परंतु विमानाचे इंग्रजी म्हणजे साहित्याचे इंग्रजी नव्हे. ते ठरावीक शब्दांचे, ठरावीक वाक्यांचे असते. वर्षभर रोज तासभर मोठ्याने वाचले आणि बोलले तर ते येते. शिवाय एकदा आलेली भाषा परवाना मिळो न मिळो, मुलाजवळच राहते.

गुणवत्तेच्या नावाने

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. डीजीसीएच्या लेखी परीक्षेत उत्तीर्ण व्हायला १०० पैकी ७० गुण लागतात. ही रेषा सर्वांना एकच आहे. अनुसूचित जातीच्या उमेदवाराला त्यात सवलत नाही, आणि मी स्पष्ट लिहितो की ती मागूही नये. दोनशे माणसे घेऊन उडणाऱ्याला हवामान कळले पाहिजे, मग तो कोणत्याही घरातला असो. राखीव जागांना विरोध करणारे नेहमी एक उदाहरण देतात : राखीव कोट्यातला पायलट चालविणार असेल तर तुम्ही विमानात बसाल का? हा प्रश्न विचारणाऱ्याला परवान्याची परीक्षा कशी असते हेच ठाऊक नसते. परवाना कोट्यातून मिळत नाही. सत्तर गुण, ठरलेले तास आणि परीक्षकासमोर उड्डाण, याखेरीज कोणालाही परवाना मिळत नाही.

उलट त्यांनाच एक प्रश्न विचारावासा वाटतो. ही परीक्षा स्पर्धेची नाही, पात्रतेची आहे. येथे ठरावीक जागा नाहीत, गुणानुक्रम यादी नाही. जो सत्तर मिळवील तो उत्तीर्ण. मग गुणांच्या पुढे जो टप्पा येतो, तो कशावर ठरतो? पैशावर! सत्तर गुणांच्या मुलाचा बाप लाखो रुपये भरू शकला तर तो वैमानिक, आणि पंचाण्णव गुणांच्या मुलीचा बाप मजूर असेल तर तिची गुणपत्रिका पेटीत. हिला गुणवत्ता म्हणायचे की मालमत्ता? आजवर या क्षेत्रात जे आरक्षण अखंड चालू आहे ते पैशाचे आरक्षण आहे, आणि त्याच्याविरुद्ध मोर्चा काढताना कोणी दिसत नाही.

केरळ राज्य विरुद्ध एन. एम. थॉमस या १९७५ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जाती-जमातींच्या कर्मचाऱ्यांना खात्याची परीक्षा उत्तीर्ण होण्यासाठी दिलेली अधिक मुदत वैध ठरविली. त्या निकालाचे मर्म असे की समान संधी ही कागदावरची समानता नव्हे. ज्याला मागे ठेवले गेले त्याला त्याच कसोटीपर्यंत पोहोचायला साधन आणि वेळ देणे हाच समानतेचा भाग आहे. वैमानिक परवान्यात कसोटी तीच ठेवा, आम्हाला ती मान्य आहे. पण त्या कसोटीपर्यंतची वाट शासनाने बांधून द्यावी, हा आमचा घटनात्मक हक्क आहे.

दुसरीकडे २०१५ च्या जानेवारीत मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन भारतीय विमानविद्येवर निबंध वाचला गेला. ज्या वैमानिक शास्त्राचा दाखला अशा वेळी दिला जातो, त्यातील विमाने उडूच शकत नाहीत असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्येच काढलेला आहे. पुष्पक विमानाचा अभिमान बाळगणाऱ्यांना बाळगू द्या. डीजीसीएच्या परीक्षेत त्यावर एकही प्रश्न येत नाही. तेथे दाब, तापमान, वारा आणि नियम विचारतात. विज्ञान ज्याने शिकले, आकाश त्याचे.

टाटांपासून टाटांपर्यंत

भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटांना मिळाला. मुंबईचा फ्लाइंग क्लब तेव्हा नुकताच सुरू झाला होता. १९३२ मध्ये टाटांची हवाई टपाल सेवा सुरू झाली, १९५३ मध्ये विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया पुन्हा टाटा समूहाकडे गेली. या मधल्या काळात ती शासनाची होती आणि म्हणून तेथे अनुसूचित जाती-जमातींना राखीव जागांचा नियम लागू होता. त्या जागा कितपत भरल्या गेल्या हा वेगळ्या लेखाचा विषय. परंतु दार होते. खासगीकरण झाले आणि ते दार बंद झाले. घटनेचे कलम १६(४) शासकीय नोकरीपुरते चालते. खासगी विमान कंपनीच्या भरतीला ते लागू होत नाही. आज देशातील प्रवासी विमाने जवळजवळ सगळी खासगी कंपन्या चालवितात. म्हणजे नोकरीच्या दाराशी भांडण्याचा आपला कायदेशीर आधार गेला. उरले प्रशिक्षणाचे दार. तेथे घटनेचे कलम १५(४), आणि ९३ व्या दुरुस्तीने आलेले कलम १५(५) आजही उभे आहे. लढाईची जागा बदलली आहे, हे चळवळीने ओळखले पाहिजे.

आता खर्चाचा हिशेब. उड्डाणाच्या तासाचा दर क्लबनुसार बदलतो. हिशेबासाठी १२ हजार रुपये धरू. खासगी परवान्याचे ४० तास म्हणजे ४ लाख ८० हजार. कमर्शियलचे २०० तास म्हणजे २४ लाख. पुढे दोन इंजिनांच्या विमानाचे प्रशिक्षण, वसतिगृह, मोठ्या विमानाचे टाइप रेटिंग धरले की आकडा चाळीस-पन्नास लाखांच्या घरात जातो. केंद्र शासनाच्या अनुसूचित जातींसाठीच्या टॉप क्लास एज्युकेशन योजनेत कमर्शियल पायलट प्रशिक्षणाचा समावेश करण्यात आला, ही स्वागतार्ह गोष्ट होती. परंतु त्या योजनेच्या जुन्या नियमावलीत खासगी फ्लाइंग क्लबसाठी मर्यादा होती वर्षाला ३ लाख ७२ हजार रुपयांची. वरच्या दराने भागा : ३१ तास! हवेत दोनशे तास आणि खिशात एकतीस. मधल्या तासांना वावर विकायचे की कर्ज काढायचे? अर्धी शिडी देणारी योजना माणसाला वर नेत नाही, मध्येच लटकवते.

महाराष्ट्रात महाज्योतीने २०२१ मध्ये इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातील २० उमेदवारांसाठी नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत कमर्शियल पायलट प्रशिक्षणाची योजना आणली. ओबीसी बांधवांच्या मुलांना संधी मिळाली, त्याचे मनापासून स्वागत. पण १९४७ पासूनचा हा शासकीय क्लब मधल्या काळात वर्षानुवर्षे बंद अवस्थेत होता, हेही विसरता येत नाही. शासकीय क्लबची विमाने जमिनीवर उभी राहिली की श्रीमंतांची मुले खासगी क्लबकडे किंवा परदेशी जातात. गरिबांची मुले वाट पाहत बसतात. गोंदियाजवळ बिरसी येथे राष्ट्रीय पातळीवरची प्रशिक्षण संस्था आहे. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ पासून प्रवासी सेवा सुरू झाली, आणि तेथे वर्षाला १८० वैमानिक घडविण्याची एअर इंडियाची प्रबोधिनी २०२४ मध्ये जाहीर झाली. विमाने विदर्भाच्या आकाशात शिकणार, आवाज विदर्भाच्या वावरात येणार. त्यात विदर्भातली आमची मुले किती असणार?

बाबासाहेबांनी वकिलांविषयी काय म्हटले होते?

येथे मला एक कबुली द्यायची आहे. मी वकील आहे, आणि माझ्या पिढीत शिकलेल्या मुलांपुढे दोनच वाटा ठळक होत्या : डी. एड. करून शिक्षक व्हा, नाहीतर एलएल. बी. करा. परंतु २९ ऑक्टोबर १९४२ रोजी बाबासाहेबांनी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे जे निवेदन दिले, त्यात त्यांनी म्हटले होते की कला आणि कायद्याचे शिक्षण अस्पृश्यांना फारसे उपयोगी पडणार नाही; त्यांना हात देईल ते विज्ञान आणि तंत्रविद्येचे उच्च शिक्षण. स्वतः बॅरिस्टर असलेला महापुरुष हे लिहितो! ते शिक्षण महाग आहे, अस्पृश्य पालकांना ते परवडणारे नाही, म्हणून सरकारने खर्च करावा, हे त्यांचे सूत्र होते. त्याच प्रयत्नांतून पुढे अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वर्षाला तीन लाख रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. ऐंशीहून अधिक वर्षे लोटली. कायद्याच्या पदव्या आम्ही भरपूर घेतल्या, पण त्या निवेदनातला विज्ञानाचा भाग आम्ही पुरता वाचला का?

बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षे, आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची सेवा करण्याचा करार. सयाजीरावांनी जगण्याइतके पैसे दिले आणि करार लिहून घेतला. ही भीक नव्हती, गुंतवणूक होती. आजच्या शासनाने याच धर्तीवर परवाना हातात पडेपर्यंतचा पूर्ण खर्च करावा आणि मुलाकडून पगारातून परतफेडीचा किंवा सेवेचा करार खुशाल लिहून घ्यावा. आमची मुले करार पाळतील.

विहारात काय करता येईल?

शासनाकडे मागणी करताना आपण हात बांधून बसू नये. लेखी परीक्षेची तयारी हा या वाटेवरचा सर्वांत स्वस्त टप्पा आहे आणि तो साखरखेर्ड्यात बसून पार पाडता येतो. हवाई नियमांवरचे विंग कमांडर आर. के. बाली यांचे आणि हवामानशास्त्रावरचे आय. सी. जोशी यांचे पुस्तक देशभरातील विद्यार्थी वापरतात. पुस्तकांचा एक संच, एक पृथ्वीगोल, एक नकाशा, मोजपट्टी, कोनमापक आणि इंटरनेट जोडलेला एक संगणक, एवढे सामान विहाराच्या अभ्यासिकेत ठेवायला जयंतीच्या डीजेचा एका रात्रीचा खर्च पुरेल. भौतिकशास्त्र शिकविणारा आपला एक शिक्षक आठवड्यातून दोन संध्याकाळी आला तरी काम भागते.

पालकांनी क्रम मात्र चुकवू नये. आधी डीजीसीएने नेमलेल्या डॉक्टरकडून क्लास टू वैद्यकीय तपासणी. डोळ्यांत किंवा कानांत दोष निघाला तर पुढचा सगळा खर्च वाचतो आणि मुलाचे मन वेळीच दुसरीकडे वळविता येते. मग भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बारावी. ज्यांनी दुसरी शाखा घेतली त्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून हे दोन विषय नंतर देता येतात. मग लेखी परीक्षेचा अभ्यास. जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला तयार. आणि शेवटी पैसा. जो कोणी पैसा आधी मागतो त्याच्याविषयी सावध राहा.

थिअरीसाठी खासगी क्लास लावावाच असा नियम नाही. लावायचाच असेल तर पावती घ्या, शुल्क परताव्याची अट लेखी घ्या, संस्थेकडे विमाने किती आणि डीजीसीएच्या मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थांच्या यादीत तिचे नाव आहे की नाही हे स्वतः पाहा. फसगत झालीच तर गप्प बसू नका. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जानेवारी २०२० मधील मनू सोळंकी प्रकरणात शैक्षणिक संस्था ग्राहक कायद्याबाहेर ठेवल्या, परंतु कोचिंग क्लासच्या सेवेतील त्रुटी ग्राहक मंचाच्या कक्षेत येतात असे सांगितले. आपल्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करायला मोठा वकील लागत नाही.

सगळीच मुले वैमानिक होतील असे मी म्हणणार नाही. विहारात दहा मुले बसली तर त्यांतले एखादे विमानापर्यंत जाईल. उरलेली नऊ हवामान, भूगोल, गणित आणि इंग्रजी शिकून जातील. कोणी विमान दुरुस्तीकडे, कोणी हवाई वाहतूक नियंत्रणाच्या परीक्षेकडे, कोणी अभियांत्रिकीकडे वळेल. हा अभ्यास कोणाचाच वाया जात नाही. ओडिशातील मलकानगिरीसारख्या दुर्गम जिल्ह्यातून पोलीस हवालदाराची आदिवासी मुलगी अनुप्रिया लाक्रा २०१९ मध्ये वैमानिक झाली. तिच्या घरी विमान नव्हते, जिद्द होती.

म्हणून समाजाच्या वतीने शासनाकडे मागण्या तीन. एक, बार्टीमार्फत अनुसूचित जातींच्या लेखी परीक्षा उत्तीर्ण मुला-मुलींसाठी परवाना मिळेपर्यंतच्या पूर्ण खर्चाची, ठरलेल्या मुदतीत संपणारी योजना. दोन, राज्यातील शासकीय फ्लाइंग क्लब प्रशिक्षक आणि विमानांसह अखंड चालू ठेवणे. तीन, शासनाची जमीन आणि धावपट्टी वापरणाऱ्या प्रत्येक प्रशिक्षण संस्थेत अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा. शासनाच्या जमिनीवर उड्डाण शिकवायचे आणि घटनेचा विषय निघाला की खासगी म्हणायचे, हे चालणार नाही.

ज्या साखरखेर्ड्याच्या रणात १७२४ मध्ये निजामाने मुबारिजखानाचा पराभव केला आणि दख्खनची सत्ता ठरली, त्या गावातली आमची माणसे तेव्हा कोणाच्या हिशेबात नव्हती. आज त्या गावची एक मुलगी हिशेबाची वही घेऊन बसली आहे. वावर विकलेले नाही. दीड लाख भरलेले नाहीत. तिने अकरावी विज्ञानला प्रवेश घेतला आणि वैद्यकीय तपासणी पार पडली. परवा विहारात भेटली तेव्हा तिने मलाच विचारले, "काका, ठरल्या वेगाने निघालं, समोरून वारा वीसचा असला, तर पोहोचायला उशीर किती?" मला उत्तर देता आले नाही. तिने वहीत करून दाखविले.

समोरून वारा आहे, हे आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्याचा हिशेब मांडायला आता आमच्या मुली शिकत आहेत. जयभीम!